भाताच्या शितानं चिकटवलेलं पान : एका घरशाळेचं प्रकरण

ते पान अजून माझ्याकडे आहे. चौकटीच्या वहीतलं, गणिताचं. उजव्या बाजूला खाली एक भोक आहे, खोडरबर एकाच जागी घासून घासून पडलेलं. भोकाच्या मागून दुसऱ्या पानाचा तुकडा लावलाय आणि तो भाताच्या शितानं चिकटवलाय. वाळलेलं शीत आजही बोटाला टोचतं. त्या तुकड्यावर कोरल्यासारख्या अक्षरात उत्तर लिहिलंय : 364. गणित होतं 52 गुणिले 7. आधी खोडलेलं उत्तरही 364 च होतं. त्यातला सहा तिला हवा तसा वळला नव्हता, एवढंच.

मुलगी तेव्हा साडेनऊ वर्षांची. तिची आई हे पान घेऊन भर पावसात माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, हे मी तिला शिकवलेलं नाही.” मग बराच वेळ गप्प बसली. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, “शिकवलंय.”

कुटुंबाची संमती घेऊन हे लिहिते आहे. नावं देत नाही. गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, इतकं पुरे. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मी तीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, आणि आता मुलांना घरी शिकवणाऱ्या आयांशी बोलण्यात माझा बराच वेळ जातो.

घरात पाच माणसं. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी अशी दर आठवड्याला बदलणारी ड्युटी. सासू. मुलगी. सहा वर्षांचा मुलगा. आणि ही बी.एस्सी. झालेली, दहावीला शाळेत पहिली आलेली आई. घरात बोलणं कोकणीत, वाचन-लेखन मराठीत, आपल्याकडच्या हजारो घरांसारखं. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगी पहिलीत होती. शाळा परत उघडल्यावर रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. वर्गात तोंड उघडेना. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. 2022 च्या दिवाळीनंतर आईनं तिला शाळेतून काढलं आणि धाकट्याला शाळेत घातलंच नाही. हा निर्णय बरोबर की चूक, हा या प्रकरणाचा विषय नाही. मुलीचं पोट दुखायचं थांबलं, हे मात्र नोंदवायला हवं.

पण आईच्या पोटात गोळा आला तो तेव्हापासून. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवायचं? 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण पालकांना शिक्षा करण्याची तरतूद त्यात नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा स्पष्ट काही बोलत नाही. मुक्त विद्यालयाची वाट आहे. 1989 मध्ये सुरू झालेल्या या राष्ट्रीय संस्थेची दहावीची परीक्षा मुलाला 14 पूर्ण झाल्यावर देता येते, आणि त्याआधी अ, ब, क अशा पायऱ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. हे सगळं तिला पाठ होतं. तरी कायद्याच्या त्या न बोललेल्या जागेत तिनं स्वतःच एक तपासनीस आणून बसवला होता. तो कधी दारात येणार नव्हता, आणि त्याच्यासाठी तिची फाईल रोज तयार असे.

खरं तर आपल्या गोव्यात घरातल्या शाळेचं नवल वाटायला नको. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा कुणाच्या पडवीत, कुठे देवळाच्या सभामंडपात भरत होत्या. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, त्याच्या आधीच्या पिढ्यांना अक्षरओळख अशीच झाली. हिच्या सासूचे वडील पडवीतच वाचायला शिकलेले. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “त्यांची फाईल कोण बघणार होतं, बाई?”

पहिल्यांदा ती आली 2023 च्या जूनमध्ये. सोबत फाईल. आठवड्याला पाच दिवस, दिवसाला सात तास, प्रत्येक तास 35 मिनिटांचा. शाळेसारखाच, उलट शाळेपेक्षा कडक. दोन्ही मुलांचे वेगळे तक्ते. रात्री सगळे झोपले की ही प्रिंटर लावून दुसऱ्या दिवसाची पानं काढायची, कापायची, लॅमिनेट करायची. झोपायला एक वाजायचा. सकाळी साडेपाचला नवऱ्याचा डबा. नऊला शाळा सुरू. नवाचे साडेनऊ झाले की तिच्या मते तो दिवस गेला. मग चिडचिड, मग मुलांवर आवाज, मग रात्री रडणं, आणि त्याची भरपाई म्हणून उद्यासाठी आणखी सुंदर पानं.

मी काय केलं? माझ्याकडे तीस वर्षांचा अनुभव होता, म्हणून मी तिला नवं वेळापत्रक करून दिलं. सातांचे चार तास केले. मला वाटलं, ओझं कमी केलं.

जुलैमध्ये ती आली तेव्हा जास्त खचलेली होती. माझं वेळापत्रक तिनं पाच रंगांत नव्यानं लिहिलं होतं आणि लॅमिनेट केलं होतं. मधल्या काळात चारांचे गुपचूप पुन्हा सातही केले होते, कारण चारांत काहीतरी सुटतंय असं तिला वाटे. आणि ती म्हणाली, “एवढं सोपं करून दिलंत, बाई, तेही मला जमत नाही.” हे वाक्य माझ्या मनात खोल रुतलं. ज्या बाईला प्रत्येक गोष्ट निर्दोष करायची असते, तिच्या हातात सोपं काम दिलं की तिला ते न जमण्याची लाजही जास्त वाटते. अशा आईला आपण “जरा सैल सोड” म्हणतो. ती घरी जाऊन सैल सोडण्याचंही वेळापत्रक करते. मी तिला अजून एक परीक्षा देऊन पाठवलं होतं.

त्याच भेटीत तिनं आणखी एक वाक्य उच्चारलं, सहज, पदराशी चाळा करत : मी नसते तर मुलांचं बरं झालं असतं. असं वाक्य ऐकलं की पुढचं सगळं बाजूला ठेवायचं असतं. मी तिला सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? ती म्हणाली, तसे नाहीत, पण सकाळी उठूच नये असं वाटतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मी तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, दोघांच्याही फोनमध्ये घालून दिला. रात्री-अपरात्रीही तिथे बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.1. बाईमाणसाचं ते 12 च्या वर असावं लागतं. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, हे ती वर्षभर आळस समजून स्वतःला दूषणं देत होती. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही, लिंबूपाणी चालेल, हे तिला दोनदा बजावावं लागलं. घरी शिकवणारी कुणीही आई “मला जमत नाही” म्हणत आली, की आता मी वेळापत्रकाला हात लावण्याआधी झोपेचं आणि रक्ताचं विचारते.

मग ऑगस्टमध्ये ते पान.

त्या दिवशी ती तिच्या लहानपणाबद्दल बोलली. तिची वही शाळेत सगळ्यांना दाखवली जायची. घरी वडील कधी ओरडले नाहीत. गणितात 97 पडले की हसून विचारायचे, तीन कुठे सांडले? प्रेमानंच विचारायचे. ते सांडलेले तीन ती अजून शोधते आहे. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या या हव्यासाचे तीन प्रकार मांडले. एकात माणूस स्वतःकडून निर्दोषपणा मागतो, दुसऱ्यात तो इतरांकडून मागतो, आणि तिसऱ्यात त्याला वाटतं की जग आपल्याकडून तो मागतंय. हिच्यात पहिला आणि तिसरा गुंतलेले होते. जाऊबाईंची मुलं इंग्रजी शाळेत. फोनवर घरशाळेच्या आयांचे दोन गट, त्यांत रोज कुणाच्या तरी मुलाच्या प्रकल्पाचा फोटो. आणि सासूचा एक प्रश्न, “आज शाळा ना?” सासू तो साधेपणानं विचारत होती, हे पुढे कळलं. हिच्या कानाला मात्र तो झोंबायचा.

मुलीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पण रात्री एक वाजता कडा नीट कापल्या गेल्या नाहीत म्हणून फाडलेली पानं ती सकाळी कचऱ्यात बघत होती.

या वेळी मी सल्ला दिला नाही. तिला फक्त एक आठवडा नोंद ठेवायला सांगितली : ठरवलेलं काय झालं, आणि न ठरवता काय झालं. बदलायचं काही नाही. ठरवलेल्या 35 तासांतले पूर्ण झाले 11, अर्धवट 9, हातच लागला नाही असे 15. ही यादी तिनं मान खाली घालून वाचली. दुसरी यादी ती वाचणारच नव्हती, मी हट्टानं वाचायला लावली. तिच्यात 23 गोष्टी होत्या. मुलीनं आजीच्या औषधांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचून मुदत संपलेली दोन पाकिटं बाजूला काढली. मुलानं आजीसोबत सुपाऱ्या वीस-वीसच्या राशींत मोजल्या. अंगणात सरळ कडांचा डबा ठेवून दोघांनी रात्रीचा पाऊस पट्टीनं मोजला, 62 मिलिमीटर भरला. मुलीनं आजीला पेपर वाचून दाखवला आणि एका शब्दाच्या अर्थावरून दोघींचा वाद झाला. मी म्हटलं, माझ्या वर्गात 28 मुलं होती आणि तास 35 मिनिटांचा. प्रत्येक मुलाच्या वाट्याला मी सव्वा मिनिट यायचे. तुझ्या मुलांना या एकाच आठवड्यात किती मिळालं, तूच बघ. तिनं आकडेमोड केली नाही. पण ती यादी दुसऱ्या कागदावर सुबक उतरवून काढली नाही, तशीच घरी नेली.

त्या नोंदीतून आणखी एक गोष्ट दिसली, जी दोन महिने माझ्या नजरेतून सुटली होती. अर्धवट राहिलेल्या तासांपैकी बहुतेक नवरा रातपाळीहून येऊन झोपलेला असतानाचे होते. रातपाळीहून आलेला माणूस सकाळी दहाला गाढ झोपलेला, घर दोन खोल्यांचं, आणि वेळापत्रकात त्याच वेळी कविता म्हणणं. मुलांना दर दोन मिनिटांनी “हळू बोला” सांगण्यात तिचा जीव मेटाकुटीला यायचा. ज्या घराचा ताल दर आठवड्याला बदलतो तिथे घड्याळाला बांधलेलं वेळापत्रक चालणारच नव्हतं, मग ते कुणीही केलेलं असो.

चतुर्थी त्या वर्षी 19 सप्टेंबरला होती. आपल्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला केवणीच्या दोरांनी रानातली आणि परसातली फळं, फुलं, वेली लटकवतात. आईनं यातून वनस्पतींचा धडा करायचं ठरवलं होतं. चाळीस वनस्पतींचा तक्ता, चित्रं, शास्त्रीय नावं, बाजूला खूण करायला चौकोन. दोन रात्री जागली. त्यात वीज गेली, प्रिंटरमध्ये कागद अडकला. आदल्या दिवशी सकाळी नवरा, त्याची त्या आठवड्यात दुपारपाळी होती, मुलाला घेऊन डोंगरावर गेला. मुलगी गेली नाही. “नांव चुकलें जाल्यार?” एवढंच म्हणाली.

मी त्या दिवशी त्यांच्याकडे होते. ओटीवर चौकट उलटी ठेवलेली, सासू मांडी घालून बसलेली, आणि समोर ढीग : कांगलां, घागऱ्यो, कवंडळां, फागलां, आंबाडे, एक भलं मोठं तोरिंग, सुपारीचा शिपटा. घागऱ्यांच्या शेंगा हलवल्या की आतल्या बिया खुळखुळतात. त्या आवाजानं मुलगी खोलीतून बाहेर आली. आजीजवळ बसली. हें कितें? तें कितें? आजी नाव सांगायची आणि दोराचं टोक तिच्या हातात द्यायची. मग मुलीनं एक लहान हिरवं फळ उचललं, देठाला लव असलेलं. आजीनं ते डोळ्यांजवळ धरलं, उलटसुलट केलं, आणि म्हणाली, “हाचें नांव म्हाका याद ना. बांद गो, देवाक खबर आसा.”

मुलीनं ते बांधलं. गाठ सैल बसली, फळ जरा तिरकं लोंबलं. तिनं ते सोडून पुन्हा बांधलं नाही, पुढचं उचललं. आई स्वयंपाकघराच्या दारात तक्ता हातात धरून उभी होती. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तो तक्ता मला फडताळात पिठाच्या डब्याखाली दिसला.

त्यानंतर आम्ही दोघींनी जे केलं ते थोडंच होतं. आधी मी तिला विचारलं, तुझा वर्षातला सगळ्यात वाईट दिवस कसा असतो? रातपाळी, पाऊस, वीज नाही, धाकट्याला ताप, तिचं स्वतःचं डोकं दुखतंय. त्या दिवशीसुद्धा काय होऊ शकेल? ती विचार करून म्हणाली, वीस मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवणं, एखादं तोंडी गणित, आणि हातानं करायचं घरातलं एखादं काम. बस. मी म्हटलं, हीच तुमची शाळा. बाकी जे होईल ते वर. चांगला दिवस डोळ्यांसमोर ठेवून आखणी केली की उरलेले सगळे दिवस नापास होतात, हे मला शाळेत तीस वर्षांत उमगलं नव्हतं, इथे उमगलं. मोठ्यानं वाचनाची वेळ नवऱ्याच्या पाळीप्रमाणे सरकू लागली. रातपाळीच्या आठवड्यात ते मागच्या अंगणात व्हायचं.

सकाळचा आराखडा बंद झाला. त्याजागी संध्याकाळी एक वही, शाईच्या पेनानं, आज काय झालं एवढंच. मुलांसमोर बसून लिहायची. खोडायचं झालं तर एक रेघ मारायची आणि पुढे जायचं. पहिल्या आठवड्यात तिनं दोनदा पान फाडून नव्यानं लिहिलं. मी वहीची पानं मोजली होती, म्हणून मला कळलं. मी रागावले नाही, तिला फक्त आकडा सांगितला. तिसऱ्या आठवड्यात मुलीनं आईची एक चूक दाखवली, “बुधवार” ऐवजी “बुरवार”. आईनं रेघ मारली. मुलगी त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिली, असं तिनं मला फोनवर सांगितलं.

खोडरबर काढून घेतलं नाही. अशी मनाई केली की मुलं बोटाला थुंकी लावून पुसतात, हे प्रत्येक मास्तरणीला माहीत असतं. ते फक्त स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवलं. हवं असेल तर उठून आणायचं. बरेचदा मुलगी उठायची नाही.

नवऱ्याशी मी वेगळं बोलले. भला माणूस आहे, पण शिकवणं हा बायकोचा प्रांत असं त्यानं धरून टाकलेलं. बुधवारचा डिचोलीचा बाजार मुलांसोबत त्यानं करायचा ठरलं, ज्या आठवड्यात पाळी जुळेल तेव्हा. पैशांचा हिशेब मुलीकडे, पिशवी मुलाकडे. एकदा सुटे चाळीस रुपये कमी आले, आणि घरी येऊन तिघंही अर्धा तास आठवत बसले. बापानं मिरच्यांचे पैसे सांगितलेच नव्हते. त्या अर्ध्या तासात आई झोपली होती. वर्षाभरात पहिल्यांदा दुपारी झोपली. माझ्या मते लोहाच्या गोळ्यांनी आणि या झोपेनं माझ्या बोलण्यापेक्षा जास्त काम केलं. परिपूर्णतेच्या मागे लागलेल्या आईच्या मनाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, आणि तिच्या अंगावरच्या कामाबद्दल फार कमी. घरातली माणसं आहेत तिथेच राहून फक्त तिनं बदलायचं म्हटलं, तर तेही तिच्या यादीत आणखी एक काम होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये नात्यातलं लग्न होतं, आणि आठवडाभर आधी तिनं मुलीला पाढे घोकायला बसवलं, कारण तिथे कुणीतरी विचारणार. मुलीच्या पोटात पुन्हा दुखलं. दोन दिवसांनी तिनं पाढे थांबवले आणि मला फोन केला. लग्नात मुलीला कुणी पाढे विचारले नाहीत. फोनवरच्या दोन गटांपैकी एक तिनं सोडला, दुसऱ्याचा आवाज बंद केला, सोडवत नाही म्हणाली. मुक्त विद्यालयाची पाचवीची पायरी यंदा नको, एवढं दोघांनी मिळून ठरवलं. रात्री एकला दिवा अजूनही कधी कधी दिसतो, सासू सांगते. हिमोग्लोबिन 11.8 वर आलं आहे.

2024 ची चतुर्थी 7 सप्टेंबरला आली. मी गेले तेव्हा माटोळी बांधून झाली होती आणि भिंतीवर एक कागद टाचणीनं लावलेला होता. मुलीच्या हातचा, शाईच्या पेनानं लिहिलेला. 27 नावं, कोकणीत, तिच्या तिच्या शुद्धलेखनात. दोन ठिकाणी रेघ मारून बाजूला दुसरं नाव. कागदाच्या कोपऱ्याला गंधाचा डाग. अगदी खाली एका लहान फळाचं चित्र, देठावर लव काढलेली, आणि त्याच्यासमोर लिहिलेलं : “नांव याद ना.”